धाप लागलेल्या मुलाला बाकावर बसवू नका

मी बोलतोय बरुआसागरहून. झाशीपासून वीसेक किलोमीटरवरचं हे तलावाचं आणि किल्ल्याचं गाव. शेवटची नेमणूक बबिना छावणीत होती, निवृत्तीनंतर इथेच राहिलो. जवळच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस मुलांची पी.टी. घेतो.

आधी एक कबुली देतो. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी सातला मुलांना पळवत होतो. पाचवीतली एक मुलगी खोकत थांबली. मी फौजी आवाजात ओरडलो, "रुकना नहीं!" ती पळाली आणि थोड्याच वेळात खाली बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिला दमा होता. घरून इनहेलर येईपर्यंतची पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिची पी.टी. बंद झाली. चूक माझी, शिक्षा तिला!

मग डॉक्टरांपुढे बसून शिकलो. जन्मतः फुप्फुसात काही कोटी वायुकोश असतात, मोठेपणी तीस कोटींच्याही वर. फुप्फुसांची ताकद विशीच्या आसपास शिखर गाठते, पुढे उतार. म्हणजे बालपणी जमवलेलं भांडवल जन्मभर पुरवायचं. व्यायामाने फुप्फुसं जादूने मोठी होत नाहीत, पण हृदय आणि स्नायू तयार होतात, तेच काम कमी धापेत होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. दमा असलेल्यांनाही ती हवीच.

पण पळणारं मूल तोंडाने श्वास घेतं, नाकाची गाळणी चुकते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जिथे हवेत ओझोन जास्त, तिथे तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्यांना दमा जडण्याचा धोका जास्त दिसला. ओझोन कमी, तिथे तसं दिसलं नाही. दोष खेळाचा नाही, हवेचा.

आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत साचते, चुली-शेकोट्यांचा धूर त्यातच अडकतो. म्हणून पी.टी. आता ऊन वर आल्यावर, अकराला. आधी मैदानावर पाणी शिंपडतो. पहिली दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करणं. पालापाचोळा जाळणं बंद. आणि इनहेलर घरी नाही, शाळेत. खेळण्याआधी घ्यायचा का, ते डॉक्टर ठरवतात.

फौजेत नऊ हजार फुटांच्या वर जाणाऱ्या जवानाला पहिले सहा दिवस हवेची सवय करू देतात. त्याला कोणी कमजोर म्हणत नाही. मग मुलांनाच का?

ती मुलगी आता खो-खो खेळते. दम लागला की स्वतः हात वर करते, आणि मी थांबतो.

उद्या आपल्या मुलांच्या शाळेत तीनच प्रश्न विचारा: पी.टी. किती वाजता? मैदानावर धूळ किती? इनहेलर कुठे ठेवलाय?

जय हिंद.