बाप्तिस्मा : एक न भाषांतरिलेला शब्द

मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आपणां ठाणेकरांच्या परिचयाचे आहे. त्या नावातला ‘बाप्टिस्ट’ आणि मराठी बायबलातला ‘बाप्तिस्मा’ ही ‘बाप्टिझो’ या एकाच ग्रीक क्रियापदाची लेकरे. मूळ अर्थ बुडविणे. बुडालेल्या गलबतांविषयीही ग्रीक लेखक तोच शब्द योजीत. मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायी त्याचेच नाम भांडी धुण्यास लागते, तर दहाव्यात येशू आपल्या येऊ घातलेल्या यातनांसच बाप्तिस्मा म्हणतो.

मग सरळ मराठी शब्द का नाही? अर्भकाच्या मस्तकी पाणी घालावे, की जाणत्या माणसास पाण्यात बुडवावे, हा पंथापंथांतला जुना तंटा. बंगालमधील बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी भाषांतरात बुडविण्याचाच शब्द घातला. तेव्हा १८३० नंतरच्या दशकात ब्रिटिश बायबल सोसायटीने त्या छपाईस मदत नाकारली! ग्रीक शब्द तसाच ठेवला की कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही. पण वाचकास त्यातले पाणी दिसत नाही.

आम्हांस विचाराल तर मराठी कॅथलिकांचा ‘स्नानसंस्कार’ अधिक बोलका. मात्र यातनांच्या त्या वचनात तो अडतो. तेथे आपले ‘दुःखात बुडणे’च ग्रीकाच्या अधिक जवळ जाते.