घडणीतून दुरुस्तीकडे



दृष्टिपटलातील चेतापेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत; माशात मात्र होतात. हा भेद का, या प्रश्नाचा दीर्घकाळ शोध घेणारे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील थॉमस रेह यांच्या कार्याकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

म्यूलर पेशी या दृष्टिपटलाच्या आधारपेशी. त्या माशात आहेत, तशा आपल्यातही आहेत. माशात इजा होताच त्या विभाजन पावतात आणि त्यांतून नव्या चेतापेशी घडतात. कोंबडीच्या पिल्लांतही हे अल्प प्रमाणात घडते, असे रेह व अँड्र्यू फिशर यांनी 2001 साली दाखविले.

पुढची वाट गर्भविकासाच्या अभ्यासाने दाखविली. डोळा घडताना कार्यरत असणारे एएससीएल-1 हे जनुक माशात इजेनंतर पुन्हा जागे होते, उंदरात होत नाही. 2017 साली रेह यांच्या गटाने प्रौढ उंदरांच्या म्यूलर पेशींत ते कार्यान्वित केले आणि जनुकांवरील बंधने सैल करणारे रसायन जोडीला दिले. नव्या चेतापेशी उपजल्या, शेजारच्या पेशींशी जोडल्या गेल्या आणि प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या.

प्रत्यक्ष प्रकाश टिपणाऱ्या पेशी मात्र त्यांतून घडल्या नव्हत्या. म्हणून अंधांना एवढ्यावरच आशा दाखविणे योग्य नव्हे. पण डोळा घडतो कसा, हे ज्यांनी आधी विचारले, त्यांनाच दुरुस्तीची दिशा सापडली. तात्काळ उपयोग विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.