प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक नसतं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



खालच्या फळ्यावर विषय लिहिला गेला, तेव्हापासून जिन्यात विचारणा सुरू आहे, "ताई, नाक सरळ करायला किती पडतात हो?" मी मुंबईच्या एका रुग्णालयात जळीत वॉर्डात परिचारिका होते. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून जायचे. नाक सरळ करायला आलेले तिथे मला क्वचितच दिसले. दिसले ते चुलीवर, स्टोव्हवर, उकळत्या पाण्यानं भाजलेले.

आधी नावाचा घोळ. 'प्लास्टिकोस' हा ग्रीक शब्द, म्हणजे आकार देण्याजोगा, घडवण्याचा. बादल्या-पिशव्यांचं प्लास्टिक त्यानंतर कितीतरी काळानं आलं. शस्त्रक्रियेत वापरतात ती बहुतेक वेळा माणसाची स्वतःचीच कातडी.

आणि हे खूळ विलायतेतून आलं असं समजणाऱ्यांसाठी पुण्याचीच गोष्ट सांगते. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभरानं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. मेणाचं नाक करून ते सपाट केलं, कपाळावर ठेवून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांच्या मधला देठ मात्र तसाच ठेवला, म्हणजे रक्त चालू राहतं. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आलं, आणि पुढे १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं लंडनमध्ये ती रीत करून पाहिली.

आता आपल्याकडचं. मुरबाडकडच्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या वॉर्डात आली, हनुवटी छातीला चिकटलेली. भाजल्याला तीन वर्षं झाली होती. जखम भरली, म्हणजे बरी झाली असं घरच्यांनी धरलं. पण खोल भाजलेली जखम भरताना आक्रसते, आणि मान, कोपर, बोटं जखडून टाकते. "ते शिनेमावाल्यांचं असतं, आपलं काम नाय," असं तिच्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी तो आवळलेला व्रण सोडवला, मांडीची कातडी तिथे लावली. पुढे कित्येक महिने गळ्याला पट्टा. डाग गेला नाही, तो पुसून टाकणारी सर्जरी नसतेच. पण ती पोर मान मागे करून तांब्यातलं पाणी वरून धारेनं प्यायली, आणि आईनं पदर तोंडाला लावला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार आहेत, हे तरी शेजारीपाजारी सांगा.

फाटलेल्या ओठाचंही तसंच. ग्रहणात विळी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे मी शहापुरात शिकल्यासवरल्या घरांतही ऐकलंय. बिचाऱ्या सुनेला आयुष्यभर ऐकावं लागतं. ओठ जुळतो तो गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आणि विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाळ तीनेक महिन्यांचं झालं, वजन भरलं की ओठ शिवता येतो. टाळू साधारण वर्षाच्या आसपास, बोलायला लागण्याच्या सुमारास. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक अशा बाळांना पुढे पाठवतं.

मुरबाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: बोट तुटलं तर ते थेट बर्फात टाकू नका. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

शेवटी त्वचादान. नेत्रदानाचे फॉर्म आपण भरलेत, हे कुणी भरत नाही, कारण मृतदेह विद्रूप होईल ही भीती. मांडी आणि पाठीवरून अगदी पातळ थर काढतात, वर पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही कातडी कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांनी गळते. पण तेवढ्या काळात भाजलेला माणूस जंतुसंसर्गापासून वाचू शकतो. त्वचापेढी सायन रुग्णालयात आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे व्हावं लागतं. रडारडीत एक तास सहज जातो, आणि आपण पडलो कसाऱ्याच्या वाटेवर. म्हणून नंबर घरातल्या कुणा एकाच्या मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा, आणि फोन कोण करणार तेही ठरवा.