अडाण्याचे मत आणि शिकलेल्याचे मत
(संविधान दिनाच्या कार्यक्रमात संस्थेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



संस्थेने आम्हाला आज चार शब्द बोलण्यास सांगितले आणि विषय आमच्यावर सोपविला. हा विषय आम्हाला आपल्याच अभ्यासिकेतील एका मुलाने दिला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा हा हुशार मुलगा. निवडणुकीच्या गप्पा चालू असताना तो म्हणाला, "काका, पदवी असेल त्यालाच मताचा अधिकार द्यायला पाहिजे. अडाणी माणसे पैसे घेऊन मत देतात, म्हणून देशाचे वाटोळे होते." आम्ही त्याला विचारले, "बाळ, तुझी आई किती शिकली आहे?" तो गप्प झाला. त्याची आई चार घरची धुणीभांडी करून त्याची फी भरते.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. असे बोलणे आज शिकलेल्या घरांतून सर्रास ऐकू येते. परंतु त्याच्या आईचे मत त्याच्या मतापेक्षा हलके आहे काय, याचा विचार नाशिककरांनी तरी नीट केला पाहिजे.

शिक्षण आणि मिळकत पाहून मत देण्याची पद्धत या देशात होऊन गेलेली आहे. इंग्रजी अमदानीत मत हा हक्क नव्हता, ती ऐपत होती. शेतसारा किती भरता, घरभाडे किती देता, प्राप्तिकर भरता काय, शाळा किती शिकलात, हे पाहून मतदारयादीत नाव येई. १९१९ च्या कायद्याने मूठभरांना मत मिळाले. १९३५ च्या कायद्याने यादी वाढली, तरीही शंभर माणसांत पंधराजणांनासुद्धा मत नव्हते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला जे हजारो लोक नाशकात जमले, त्यांतील बहुतेकांजवळ ना तेवढा सारा होता, ना तेवढी शाळा. ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांना कायदेमंडळाचे दारही बंदच होते.

बाबासाहेबांनी हा अन्याय फार आधी ओळखला होता. सायमन कमिशनला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सभासद होते. बहुमताचा अहवाल न पटल्यामुळे त्यांनी १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी केली. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे गृहीतच त्यांनी नाकारले; आणि अक्षरे आली म्हणजे शहाणपण आपोआप येते, हेही त्यांना मान्य नव्हते. स्वतः परदेशी विद्यापीठांच्या मोठ्या पदव्या मिळविलेला हा माणूस अंगठा उठविणाऱ्यासाठी मत मागत होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पुढे संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. वयाची अट तेव्हा २१ वर्षांची होती. १९८९ मध्ये ती १८ वर आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार होते १७ कोटींहून अधिक. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. जगात पुष्कळांना हा जुगार वाटला. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले आणि प्रत्येकाची पेटी वेगळी ठेवली. पसंतीच्या पेटीत कागद टाकला की मत झाले. त्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. यादीत आपले नाव आपल्या नावानेच असावे, हा धडा बायाबापड्यांना मतदारयादीनेही शिकविला.

१९५७ साली नाशिक मतदारसंघातून कर्मवीर दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती. आमची आई एक दिवसही शाळेत गेली नव्हती. ती सांगे, "मजुरी बुडवून आम्ही बाया रांगेत उभ्या राहिलो. हत्तीची पेटी कोणती एवढे मला ठाऊक होते, आणि हत्तीलाच का टाकायचे तेही ठाऊक होते." या दुसऱ्या वाक्याला आम्ही शिक्षण म्हणतो. भूमिहीनांचा प्रश्न कोण मांडतो हे तिला कळत होते. याच दादासाहेबांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मत देणाऱ्यांची निवड चुकली नव्हती.

आता जगाकडे पाहू. अमेरिकेत शिक्षण आणि उत्पन्न वाढत जाते तसे मतदानाचे प्रमाण वाढते. गरीब आणि कमी शिकलेला माणूस तेथे मतदानाला कमी येतो. याला इतिहास आहे. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी लिहिण्या-वाचण्याची परीक्षा आणि मताचा कर अशी हत्यारे वापरली गेली. ती मोडण्यासाठी १९६४ ची घटनादुरुस्ती आणि १९६५ चा मताधिकार कायदा व्हावा लागला. मताला शिक्षणाची अट घालणे दिसायला निरुपद्रवी असते, पण प्रत्यक्षात कोणाला वगळायचे ते आधीच ठरलेले असते.

आपल्याकडे चित्र उलटे दिसले. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठाने १९९० च्या दशकात मतदारांच्या पाहण्या केल्या. त्यांत दलित, गरीब आणि खेड्यातील माणूस सुखवस्तू शहरी माणसाच्या बरोबरीने, काही वेळा त्याच्यापेक्षाही अधिक मतदान करतो असे आढळले. पुढील काळात शहरी मध्यमवर्गही अधिक संख्येने येऊ लागला, पण फरक पुसला गेला नाही. २०२४ ची लोकसभा पाहा. गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले. आपल्या जिल्ह्यात दिंडोरीत सुमारे ६७, नाशकात सुमारे ६१. आणि दक्षिण मुंबईत, जेथे देशातील मोठे श्रीमंत राहतात, सुमारे ५० टक्के. एका आकड्यावरून सगळे सिद्ध होत नाही हे आम्ही मान्य करतो. दिंडोरीत द्राक्षबागांचे धनिक मालकही आहेत, आणि शहराच्या यादीत घर सोडून गेलेल्यांची नावे तशीच राहतात. तरीही दिशा स्पष्ट आहे.

असे का होते? गरिबाला सरकारची गरज रोज पडते. रेशनचे दुकान, सरकारी दवाखाना, वनजमिनीचा दावा, रोजगार हमीचे काम, मुलाची शिष्यवृत्ती, हे सारे सरकारच्या हातात. सुखवस्तू माणूस मुलाला खाजगी शाळेत घालतो, खाजगी दवाखान्यात जातो, पाणी आले नाही तर टँकर मागवितो. सरकार कोणाचे आले याने आपले फारसे अडत नाही, असे त्याला वाटू लागते. पेठ-सुरगाण्याचा मजूर द्राक्षबागेचे काम टाकून मताला गावी जातो आणि बंगल्यातला माणूस जोडून सुट्टी आली म्हणून सहलीला जातो, याचे कारण हे आहे.

मग शिक्षणाने आणि मिळकतीने काहीच होत नाही काय? होते, आणि पुष्कळ होते. पूर्वी ज्याच्या शेतात राबायचे, त्याच्या शब्दावर मत द्यावे लागे. छापखान्यात, रेल्वेत, बँकेत नोकरी लागली आणि ती मान मोकळी झाली. महिन्याचा पगार हातात आला की पाटलाच्या आणि मुकादमाच्या नजरेला भिण्याचे कारण उरत नाही. वाचता आले की उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचता येते, त्याच्यावरील गुन्हे आणि त्याची मालमत्ता कळते. शिक्षणाने मत स्वतंत्र होते. परंतु स्वतंत्र झालेला माणूस एकटाही होऊ शकतो. आमची खरी काळजी येथे आहे.

येथे आम्हाला आमचीच चूक सांगितली पाहिजे. नोकरीत बढती मिळाली, आम्ही वस्ती सोडून कॉलनीत राहायला गेलो. गॅसचा पत्ता बदलला, बँकेचा बदलला, मतदारयादीतला बदलला नाही. दोन निवडणुका आम्ही मत दिले नाही. त्याच दोन्ही निवडणुकांत आमची आई, गुडघे धरलेले असताना, नातवाचा हात धरून जुन्या वस्तीच्या शाळेत जाऊन मत देऊन आली. दुसऱ्या वेळी तिने शाई लावलेले बोट आमच्यासमोर धरले आणि विचारले, "तुझं कुठंय?" आमच्याकडे दोन पदव्या होत्या, उत्तर नव्हते.

आणखी एक गोष्ट. पाचशे रुपये घेऊन मत विकणाऱ्या वस्तीला आम्ही नावे ठेवतो. मतासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु निवडणुकीच्या तोंडावर आमच्या इमारतीला कोणी फुकट रंग लावून दिला, तेव्हा आम्हा पदवीधरांच्या बैठकीत "मते यांनाच द्यायची" असा ठराव झाला. त्यास लाच म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही, आम्हालाही नाही. वस्तीतील बाई पाचशे घेते तेव्हा तिच्या घरी उद्याचे पीठ नसते. आमच्या घरी काय नव्हते?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अडाण्याचे मत काढून घेण्याची भाषा सोडा. आपल्या शिक्षणाची त्याला जोड द्या. कामे साधी आहेत. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांचे नाव नमुना ६ भरून नोंदवा. आता वर्षातून चार तारखांना, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, पात्रता धरली जाते. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरा. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा रोजंदारीवरील कामगाराचाही कायद्याने हक्क आहे, हे सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारांना सांगा. अनेकांना ते माहीतच नसते. चिन्ह नीट समजावून सांगा. २०२४ मध्ये दिंडोरीत एका पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होते, आणि नावाशी नाव जुळणाऱ्या एका अपक्षाचे चिन्ह नुसती तुतारी. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. आपली सभा झाली पाहिजे ती अशा ठिकाणी, मतदाराच्या ओट्यावर. कोणाला मत द्यावे हे मात्र सांगू नका. ते त्याचे त्याला कळते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की, राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारत कोसळेल. मिळकत समान नाही, शिक्षण समान नाही. समान आहे ते एवढे एकच मत. तेही शिकलेल्यांनी ऐपतीला बांधून टाकायचे म्हटले, तर आपण १९१९ च्या यादीकडे परत जाऊ.

तो अभ्यासिकेतील मुलगा पुढच्या आठवड्यात आमच्याकडे आला. आईचे नाव यादीत शोधले होते. सापडले नाही, घर बदलल्यावर ते कोणी नोंदविलेच नव्हते. आम्ही दोघांनी बसून तिचा अर्ज भरला. सहीच्या जागी ती अंगठा उठवू लागली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, थांब, तुला नाव लिहायला शिकवितो." तिने दोन दिवस गिरवून सही केली. अंगठा दिला असता तरी तिचे मत तेवढ्याच किमतीचे राहिले असते, हे आता त्या मुलाला आम्ही सांगण्याची गरज नव्हती.



जयभीम. नमो बुद्धाय.