पाळीच्या हाताने लावलेले रोप



जुलै 2022 मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातील देवगावच्या आश्रमशाळेतील एका विद्यार्थिनीने तक्रार केली. पाळी आली म्हणून आपल्याला झाड लावू दिले नाही, झाड जळेल असे सांगितले, असे तिचे म्हणणे होते.

आता आपलाच कांदा आठवा. लागवडीला बसलेल्या बायकांत कोणाची ना कोणाची पाळी असतेच. त्यांचे वाफे कधी वेगळे जळाले का? रोप मरते ते पाणी तुटल्याने, मूळ दुखावल्याने, नाहीतर मर रोगाने.

मुलीला हे पाळी येण्याआधीच सांगा. कापड वापरत असेल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवू द्या, अडगळीत नको. शाळेतली लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर. आणि बाजाराच्या यादीत पॅडचा पुडा, वडिलांनो, तुम्हीच लिहा.