आरएक्स १०० आणि पिशोरचे चारशे मीटर

(सुरुवातीला दहा सेकंद गाडीचा आवाज आहे.)

ओळखला का आवाज? ज्यांनी ओळखला, त्यांच्या घरी नाहीतर गल्लीत कुणाकडे तरी ही गाडी नक्की होती. यामाहा आरएक्स १००. माझी १९९४ची आहे, एमएच-२० पासिंग.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी मूळचा पिशोरचा, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, अमेरिकन मसल कार आणि ड्रॅग रेसवर एक भाग करा ना." आता खरं सांगायचं तर मसल कार मी चालवलेली नाही. पण ड्रॅग रेस केलीये. पिशोरच्या रस्त्यावर. आणि त्याचं जे झालं ते आज पहिल्यांदा सगळं सांगणार आहे.

आधी मसल कार म्हणजे काय ते बघू. १९६४ मध्ये अमेरिकेत पाँटियाक कंपनीची जीटीओ आली. मध्यम आकाराची गाडी, आणि तिच्यात ६.४ लिटरचं मोठं व्ही-८ इंजिन. हिशेब एकदम सोपा: अंग लहान, ताकद जास्त, आणि किंमत तरुण पोरांना जमेल अशी. सिग्नल सुटला की कोण पुढे, एवढाच प्रश्न.

आता आरएक्स बघा. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. त्या काळच्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या साडेसात हॉर्सपॉवरच्या आसपास असायच्या. फरक कशाचा? फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. म्हणून ती कान पिळला की उडते. म्हणजे हिशेब तोच, फक्त चाकं दोन. माझ्या मते आपली मसल कार हीच.

दोघींचा शेवटही सारखाच झाला. अमेरिकेत १९७० चा हवा प्रदूषणाचा कायदा, महागलेला विमा आणि १९७३ चं तेलसंकट, यात मसल कार संपली. आपल्याकडे आरएक्स १०० आली १९८५ ला आणि प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी १९९६ ला बंद झाली. आपल्याला वाईट वाटतं, पण नियम चुकीचे नव्हते. ही गाडी पेट्रोलसोबत ऑइलही जाळते. तो निळा धूर आपणच नाकात घेत होतो.

तर माझी गाडी. ती काकांची. काकांनी तिच्यावर दुधाचे कॅन वाहिले, मग नवीन गाडी घेतली आणि ही गोठ्यात पडून राहिली. बारावीनंतर मी मागितली. काका म्हणाले, "चालू करून दाखव, मग तुझी." त्या सुट्टीत मी लोकांच्या शेतात अद्रक काढायला गेलो आणि ती मजुरी मिस्त्रीला दिली. ब्लॉक बोअर केला, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या, कार्बोरेटर मी स्वतः रॉकेलमध्ये धुतला. सतराव्या किकला चालू झाली. काकू बाहेर येऊन म्हणाली, "अरे, आवाज बंद कर, म्हैस दूध चोरंल!"

माझ्या मित्राकडे आरएक्स १३५ होती. नाव सांगत नाही, पण त्याला विचारूनच हा भाग करतोय. दोघांच्या गाड्या आल्या म्हटल्यावर पुढचं काय होणार, तुम्हाला माहितीये.

सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सरळ तुकडा आहे. ड्रॅग रेस पाव मैलाची असते, म्हणजे ४०२ मीटर, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. मग आम्ही ठिबकची नळी रस्त्याच्या कडेने अंथरून अंतर मोजलं आणि दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. तिसरा मित्र रुमाल टाकायचा, चौथा शेवटाला मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा. एकोणीस, वीस सेकंद लागायचे. क्लच किती सोडायचा, पुढचं चाक उचलू नये म्हणून टाकीवर किती वाकायचं, यावर आम्ही रात्र-रात्र बोलायचो. मजा यायची का? लई यायची. खोटं कशाला बोलू.

हेल्मेट? कुणाच्याच डोक्यावर नव्हतं.

दिवाळीनंतरची गोष्ट आहे. मक्याची सोंगणी झालेली, संध्याकाळची वेळ. मित्र नेहमी जिंकायचा, पण त्या दिवशी माझी सुरुवात जबरदस्त झाली. तिसऱ्या गिअरला मी पुढे होतो. मागे त्याच्या गाडीचा आवाज ऐकू येत होता. आणि मग तो एकदम बंद झाला.

मला वाटलं, त्याची गाडी सीज झाली. मला वाटलं, मी जिंकलो. मी हात वर केला, मंडळी. रेघ ओलांडेपर्यंत गाडी तशीच पळवली, ओरडत, हसत.

मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर बैलगाडी आडवी होती. शेताच्या वाटेने चारा भरून एक आजोबा रस्त्यावर चढत होते. मी त्यांच्या आधी निघून गेलो होतो. त्याने त्यांना वाचवायला ब्रेक दाबला आणि गाडी घसरली.

आजोबांनी आरडाओरडा केला नाही. सगळा चारा रस्त्यावर ढकलून दिला आणि आम्हाला म्हणाले, "उचला त्याला, वर घाला." ज्या रस्त्यावर आम्ही सेकंद मोजत होतो, त्याच रस्त्याने तो बैलगाडीतून फाट्यापर्यंत गेला. तिथे जीप मिळाली.

डोकं वाचलं, नशीब. मांडीत रॉड टाकावा लागला. आता यातली मोठी गोष्ट सांगतो. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणीत १६०० मीटर पळावं लागतं, आणि तो रोज पहाटे त्याच रस्त्यावर पळायचा. त्यानंतर तो पळू शकला नाही. आज त्याचं दुकान आहे, चांगलं चाललंय. पण भरतीची जाहिरात आली की मी त्याला फोन करत नाही.

काही दिवसांनी मी आजोबांकडे माफी मागायला गेलो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बैलं अजून त्या वाटेला यायला भितेत रे."

गाडी मी विकली नाही. पण त्या रस्त्यावर परत रेस केली नाही.

पुण्यात आल्यावर कळलं, लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग रेस होते. मित्राला बोलावून घेतलं, दोघं बघायला गेलो. गाडीची तपासणी, हेल्मेट, सुटायला दिवे, वेळ मोजायला यंत्र, बाजूला ॲम्ब्युलन्स. एक मस्टँग गेली तर छातीत धडधडलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "इथं बैलगाडी येत नाही, भाऊ."

बस, मला आज एवढंच सांगायचंय. वेगाला स्वतःची जागा लागते. अमेरिकेतही पोरं रस्त्यावरच पळवायची. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली ती यासाठीच, की रेस रस्त्यावरून धावपट्टीवर जावी. आणि आपल्याला तर हे नवीन नाही. आपल्याकडचा शंकरपट बघा. त्याला वेगळी पट्टी आखतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ ला अटींसह परवानगी दिली, २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलांच्या शर्यतीला एवढं सगळं, आणि आम्ही चुन्याची एक रेघ मारून रस्ता आमचा समजलो होतो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंड भरून सुटता येतं. मागचा आवाज बंद होतो, त्यातून सुटता येत नाही.

गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलंय, सायलेंसर कंपनीचाच आहे. गावी गेलो की चालवतो, साठच्या आत, हेल्मेट घालून. सुरुवातीला जो आवाज ऐकलात तो मागच्या रविवारी रेकॉर्ड केला. मोबाइल मी धरला होता. किक त्याने मारली, बऱ्या पायाने.

तुमच्या घरी कोणती जुनी गाडी आहे, कमेंटमध्ये लिहा. आणि ज्या मित्रासोबत तुम्ही रस्त्यावर गाडी पळवता, त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.