पांढरी चादर धरणारे हात



आपल्या मुली हल्ली मोबाईलवर छोटे सिनेमे करतात. आवडत्या सिनेमातलं पात्र घ्यायचं आणि त्याची स्वतःची नवी गोष्ट रचायची, याला फॅन फिल्म म्हणतात. त्यात अंतराळयान किंवा उडणारा माणूस आला, की घरातून पहिला प्रश्न येतो, "एवढे पैसे कुठून आणायचे?" आणि बेत तिथंच बारगळतो. खरं तर पैशाच्या आधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात. चित्र कसं दिसणार आणि उजेड कुठून येणार.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव बघा. यंत्रमागाचं गाव. तिथं नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. नायक यंत्रमागावरचा कामगार. कॅमेरा सरकवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. माणूस उडताना दाखवायला मागे हिरवा कपडा.

हिरवाच का? संगणक तो रंग काढून टाकतो आणि त्या जागी आभाळ बसवतो. आपल्या कातडीत हिरवा रंग नसतो, म्हणून चेहरा शाबूत राहतो. सुपरमॅनचा पोशाख निळा, म्हणून निळा कपडा चालत नाही, पोशाखच गायब होईल. कपड्याला चुणी नको, उजेड सगळीकडे सारखा हवा आणि माणूस कपड्यापासून चार-पाच हात पुढे हवा, म्हणजे सावली पडत नाही. हिरवी साडी मात्र त्या दिवशी नको!

आता रूप ठरवू. 1977 साली आलेल्या 'स्टार वॉर्स'मधली बरीच यानं मळलेली, पोचे आलेली आहेत. त्यामुळे ती रोजच्या वापरातली, खरी वाटतात. असं रूप हवं असेल तर पिठाची गिरणी, पत्र्याची शेड, भंगारातले ट्रॅक्टरचे भाग आपल्याकडे आहेतच. स्वच्छ, पांढरं रूप हवं असेल तर पॉलिहाऊस बघा. प्लॅस्टिकमधून ऊन गाळून येतं, सावल्या मऊ पडतात. परग्रहावरचा तळ आयताच तयार. मात्र दोन्हींतलं एकच निवडा. खिचडी केली की बघणाऱ्याचा विश्वास उडतो.

उजेडाचं म्हणाल तर भर दुपारी चित्रण नको, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळचं किंवा उतरतं ऊन चांगलं. रात्रीच्या प्रसंगाला खोलीतली ट्यूब बंद करा आणि एकच एलईडी दिवा बाजूला ठेवा. अर्धा चेहरा अंधारात गेला की गूढ वाटतं. फारच काळोख झाला तर दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल धरा, उजेड परतून चेहऱ्यावर येतो. मोबाईल आपला आपण उजेड कमी-जास्त करतो, म्हणून पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये उजेड तिथं कायम होतो. आधी मिनिटभर चित्रण करून बघा, मगच सगळ्यांना उभं करा.

चादर धरणं हे हलकं काम समजू नका. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. फिल्म धुण्याचं कामही त्यांनी केलं. आपल्या सिनेमाच्या सुरुवातीला उजेड एका बाईच्या हातात होता.

एक सावधगिरी सांगते. दुसऱ्याचं पात्र घेतलेला सिनेमा विकून पैसे करू नयेत. कमाई करायची असेल तर पात्रही आपलंच रचावं.

गटातल्या मैत्रिणींना माझी एक विनंती आहे. मुली संध्याकाळी चित्रणाला निघाल्या तर "कशाला हे चाळे" म्हणून त्यांना अडवू नका. आपल्यातली एक जण सोबत जाऊ द्या, घरातली एक पांढरी चादर द्या. उजेड कसा वापरायचा हे शिकलेली मुलगी उद्या आपल्या पापड-लोणच्यांचे फोटोही चांगले काढील, आणि आपल्या गावाची गोष्टही आपल्या नजरेतून सांगील.